मदत हवी आहे: 'जावा' फ्रिगेटच्या मॉडेलसाठी

नमस्कार मंडळी. लाकडी जहाजांची मॉडेल्स करायचा नाद आहे. सध्या 'जावा' करायला घेतलंय आणि अडकलोय.

हे मूळचं फ्रेंच फ्रिगेट (म्हणजे शिडाची वेगवान युद्धनौका), नाव 'रेनॉमे'. मे 1811 मध्ये मादागास्करजवळ इंग्रजांनी ते पाडाव केलं आणि 'जावा' नावाने आपल्या आरमारात घेतलं. 29 डिसेंबर 1812 ला ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ त्याची गाठ अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन'शी पडली. 'जावा' 38 तोफांच्या वर्गातलं, समोरचं 44 च्या. 'जावा'च्या डोलकाठ्या कोसळल्या, त्याचा कप्तान लॅम्बर्ट प्राणघातक जखमी झाला. जहाज इतकं खिळखिळं झालं होतं की ओढून न्यायचीही सोय नव्हती, अमेरिकनांनी ते पेटवूनच दिलं.

मला यात ओढलं ते वेगळ्याच गोष्टीने. 'जावा' मुंबईला निघालं होतं! पोटात इथे बांधल्या जाणाऱ्या जहाजांसाठी तांबं, आणि प्रवाशांत जनरल हिस्लॉप. हो, तेच, पुढे 1817 ला महिदपूरला होळकरांविरुद्ध लढलेले.

तर विचारायचं असं, की पाडाव केलेल्या जहाजांचे आराखडे इंग्रज गोदीत पुन्हा काढून घेत. 'जावा'चा तसा आराखडा कुणी पाहिलाय का? नसेल तर त्याच काळातल्या दुसऱ्या 38 तोफी फ्रेंच फ्रिगेटचा वापरला तर चालेल का? इंग्रजांनी तोफा बदलल्या असतील तर तोफांच्या खिडक्यांची मांडणीही बदलायची का? सांगाडा तयार आहे, फळ्या मारायच्या थांबवल्यात.