रमाबाई रानड्यांच्या ‘आठवणी’ अकराजणांनी मिळून ध्वनिमुद्रित करायच्या आहेत, आधी काय काय ठरवून घ्यावं?

पानोपानी
रमाबाई रानडे यांचं ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ (१९१०) श्राव्य पुस्तक म्हणून करायचं चाललंय. वाचणारे अकरा, त्यांत चार पुरुष. सगळे आपापल्या घरून वाचणार. तिघांकडे यूएसबी माइक आहे, बाकीचे मोबाइलवर. पुस्तक फुकट ऐकता यावं आणि जमलं तर लिब्रिवॉक्सवर (हक्क संपलेली पुस्तकं स्वयंसेवक वाचून फुकट ठेवतात ती वेबसाइट) जावं अशी इच्छा आहे.

गाडी चार ठिकाणी अडली आहे. हक्कांचं काय? जुन्या छापातले अनुस्वार कसे वाचायचे? अकरा घरांतले आवाज एका पुस्तकातले वाटावेत म्हणून सुरुवातीलाच काय पक्कं करावं? आणि तपासणी कुणी, कशी करायची?

कलमदान
हक्कांपुरतं बोलतो. पुस्तक सोयीचं निवडलंय. रमाबाई १९२४ साली गेल्या. भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतो, म्हणजे इथे ते केव्हाच खुलं झालं. लिब्रिवॉक्स अमेरिकेचा कायदा बघतं, आणि १९१० साली छापलेलं पुस्तक तिथेही खुलंच आहे.

मात्र खुला आहे तो मूळ मजकूर. अलीकडच्या आवृत्तीतली संपादकाची प्रस्तावना, तळटीपा, परिशिष्टं आणि मुखपृष्ठावरचं चित्र हे सगळं नवं काम असतं, ते वाचूही नका आणि वापरूही नका. जुन्या प्रतीचं स्कॅन मिळवा, त्यात प्रकाशनाचं साल छापलेलं पान असलंच पाहिजे. पुरावा म्हणून तेच मागतात.

‘भारतात खुलं म्हणजे सगळीकडे खुलं’ हा समज पुढच्या पुस्तकाला नडेल, म्हणून एक उदाहरण देतो. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यामुळे ‘श्यामची आई’ भारतात १ जानेवारी २०११ पासून खुलं आहे. पण अमेरिकेत परदेशी पुस्तकांसाठी १ जानेवारी १९९६ ही तारीख बघतात. त्या दिवशी हे पुस्तक इथे हक्कात होतं, म्हणून तिथे छापल्यापासून ९५ वर्षं लागू होतात. १९३५ सालचं हे पुस्तक तिथे २०३१ उजाडल्यावरच सुटेल. भाषांतरांचंही असंच: गांधीजींच्या आत्मकथेचं गुजराती मूळ भारतात २००९ पासून खुलं आहे, पण मराठी भाषांतरावर भाषांतरकाराच्या निधनापासूनची ६० वर्षं वेगळी मोजायची.

आणखी एक. ध्वनिमुद्रणाचा हक्क स्वतंत्र असतो, वाचणाऱ्याचे म्हणून वेगळे हक्कही असतात. ‘माझा आवाज मी सार्वजनिक वापरासाठी खुला करतो/करते’ असं प्रत्येकाकडून पहिल्या प्रकरणाआधी लेखी घ्या. सातव्या प्रकरणानंतर कुणी मागे फिरलं तर कागदावर काहीतरी हवं.

अर्धचंद्र
अनुस्वारांचं मी सांगते, कारण अकराजणांचं वाचन खरं फाटतं ते इथेच.

निम्मे अनुस्वार निव्वळ लेखनातले आहेत. नाहीं, कांहीं, पांच, आंत, करूं, मीं यांतले उच्चारायचे नाहीत. ‘घरांत’ हे बहुतेक वेळा आपलं ‘घरात’च असतं, कारण त्या काळी ‘आंत’वर अनुस्वार देत. पण ‘लोकांनीं’मधला पहिला उच्चारायचा आणि दुसरा गिळायचा. हे नियम पाठ करण्यापेक्षा वाक्य आजच्या लेखनात मनात लिहून बघावं. आज जिथे अनुस्वार उरतो तिथेच तो वाचायचा.

क्रियापदांचं प्रकरण नाजूक आहे. ‘त्यांनीं सर्व सांगितलें’ हे नपुंसकलिंगी, ते ‘सांगितलं’ वाचा. ‘त्यांनीं पैसे दिले’ हे पुल्लिंगी अनेकवचन, अनुस्वार नाही, ते ‘दिले’च. दोन्ही एकारान्त वाचलीत तर जुन्या लेखनानं डोळ्याला दाखवलेला फरक कानाला मिळत नाही.

आता खाचखळगा. एकारावरचा अनुस्वार दिसला की ‘अं’ असा सरधोपट नियम केलात तर बाईंच्या आत्मचरित्रात फसाल. जुन्या लेखनात स्त्रीचं प्रथमपुरुषी रूपही अनुस्वारानंच लिहीत: ‘मी गेलें’, ‘मी बसलें’, ‘मी म्हणालें’. ही ‘मी गेले, बसले, म्हणाले’ अशीच वाचायची. ‘मीं विचारलें’ मात्र ‘मी विचारलं’. शिकणे, विसरणे, बोलणे, समजणे या क्रियापदांपाशी तर दर वेळी थांबा: ‘मी शिकलें’ म्हणजे शिकले, ‘मला समजलें’ म्हणजे समजलं.

पुढें, मागें, येथें, रीतीनें ही मी एकारान्तच ठेवीन: पुढे, मागे, येथे, रीतीने. ‘पुढं, रीतीनं’ वाचणं चुकीचं नाही, पण अकरातले पाच एक आणि सहा दुसरं वाचू लागले तर ऐकणाऱ्याला खटकतं.

पुरुष वाचकांना वेगळी सूचना द्या. डोळे ‘मी म्हणाले’ बघतात आणि तोंड ‘मी म्हणालो’ म्हणून मोकळं होतं. वाचणाऱ्याला स्वतःला ते ऐकूही येत नाही. त्यांच्या प्रतीत ‘मी’ची सगळी क्रियापदं पेन्सिलीनं अधोरेखित करा.

च, ज, झ यांचे दन्त्य (जीभ दातांशी) आणि तालव्य (जीभ टाळूशी) असे दोन उच्चार होतात, म्हणून सारख्या दिसणाऱ्या शब्दांच्या जोड्यांची यादी हवी. ‘जरा’ म्हणजे थोडं असेल तर दन्त्य, म्हातारपण असेल तर तालव्य. ‘जग’ म्हणजे दुनिया तालव्य, जगण्यातला ‘जग’ दन्त्य. ‘माझा’ आणि ‘माझी’ आपण न सांगता बरोबर म्हणतो. गोची होते ती माणसांच्या आणि गावांच्या नावांत. ती सगळी एका सामायिक तक्त्यात टाका आणि प्रत्येकासमोर पाच सेकंदांची ध्वनिफीत जोडा. लिहून उच्चार कळत नाही.

पोथीनिष्ठ
‘सांगितलं’ला माझा विरोध. ग्रंथातलं गद्य ग्रंथासारखं वाचावं, सरसकट ‘सांगितले’ वाचलं तर काही बिघडत नाही. संदर्भानं लिंग कळतंच.

अर्धचंद्र
वर्णनात कळतं, संवादात कळत नाही. शिवाय तोंडचं बोलणं ‘काय केले?’ असं वाचलं की पाठ्यपुस्तक वाटतं. तरीही तुमचा पर्याय चालेल, अट एकच: अकराहीजणांनी तोच पाळायचा. मुद्रण सुरू झाल्यावर हा वाद उकरून काढू नये.

डेसिबल
तांत्रिक बाजू. लिब्रिवॉक्सला शेवटची फाइल अशी लागते: एमपी३, १२८ केबीपीएस स्थिर, ४४.१ किलोहर्ट्झ, मोनो, आवाजाची पातळी ८९ डीबीच्या आसपास. हा ८९ चा आकडा लाउडनेसमध्ये (कानाला जाणवणाऱ्या सरासरी आवाजात) साधारण –१८ एलयूएफएस भरतो. सुरुवातीला एखाद सेकंद आणि शेवटी ५ सेकंद शांतता. इतरत्र टाकणार असलात तरी हेच ठेवा, कुठेच अडत नाही. पण मुद्रण आणि संपादन वेव्हमध्ये, म्हणजे न दाबलेल्या फाइलमध्ये. एमपी३ उघडून, कापून पुन्हा एमपी३ केलं की दर फेरीत आवाज झिजतो.

माइक तोंडापासून वीतभर, आणि समोर न ठेवता ओठांच्या कोपऱ्याच्या रेषेत. मराठीत फ, भ, ध, घ यांची रेलचेल आहे, समोरून वाचलं तर ‘भाऊ’ आणि ‘फार’ धप्‌कन आदळतात. ८० हर्ट्झखालचं कापणारा फिल्टर लावून धक्का कमी होतो, जात नाही. मुद्रण करताना सर्वांत मोठा आवाज –६ ते –९ डीबीपर्यंत जाऊ द्या. शून्याला टेकला तर तो तुकडा बाद, नंतर आवाज उतरवून फाटलेपण भरून येत नाही.

खोलीतली शांतता –६० डीबीच्या खाली हवी. पंखा, फ्रिज, लॅपटॉपचा पंखा बंद. मोकळ्या भिंतींच्या खोलीपेक्षा उघड्या कपाटातल्या कपड्यांकडे तोंड करून वाचणं कधीही बरं. गूंज मुद्रणात शिरली की बाहेर काढणं फार अवघड, खरखर निदान कमी करता येते. त्यासाठी प्रत्येक फाइलच्या आरंभी ५ सेकंद गप्प बसून नुसती खोली मुद्रित करा.

मोबाइलवाल्यांनी ब्लूटूथ माइक टाळावा, त्यात वरच्या पट्टीतला आवाज छाटला जातो आणि स, श एकसारखे वाटतात. फोन विमान मोडमध्ये टाका आणि टेबलावर न ठेवता घडी केलेल्या टॉवेलवर ठेवा.

चूक झाली तर थांबवू नका. एक टाळी वाजवा, दोन सेकंद थांबा, वाक्य पहिल्यापासून वाचा. आलेखात टाळीचा सुळका लगेच दिसतो आणि संपादन निम्म्या वेळात होतं. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये शिफ्ट आणि डी दाबून, चुकीच्या आधीचं थोडं ऐकून तिथूनच पुढे नव्यानं मुद्रित करण्याची सोय आहे, सवय झाली तर टाळीचीही गरज नाही.

वेळेचा अंदाज: निवांत मराठी वाचन मिनिटाला ११० ते १३० शब्द. पानावर २५० शब्द धरले तर पानाला दोन मिनिटं. तासाभराच्या तयार ध्वनीला वाचन, संपादन, दुरुस्ती मिळून तीन तास, नवख्याला पाच. म्हणून विभाग १५ ते ३० मिनिटांचे पाडा. मात्र प्रसंगाच्या मधोमध आवाज बदलू नका, ‘मी’ बोलणारी व्यक्ती एकच असल्यानं तो सांधा फार उघडा पडतो.

पानोपानी
एक-एक मिनिटाचे नमुने मागवले. दोन अडचणी. एकीचा आवाज पाण्याखालून बोलल्यासारखा येतो. दुसऱ्याचा मोबाइलवरचा नमुना माझ्याकडे आला तोच बोथट, त्यांच्या फोनवर मात्र स्वच्छ ऐकू येतो म्हणतात.

डेसिबल
पहिल्या नमुन्यात खरखर काढण्याचा फिल्टर जास्त मारलाय. १५-२० डीबी कपात केली की शब्दांच्या शेपट्यांना बुडबुडे येतात. ६ ते ९ डीबीवर थांबा, तेवढ्यानं भागत नसेल तर दोष खोलीत शोधा. आणि आवाज एकसारखा करण्याआधी खरखर काढा. उलट केलंत तर आवाजाबरोबर खरखरही वर येते आणि मग माणूस फिल्टर आणखी पिळतो.

दुसरा नमुना व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज म्हणून आला असणार. तिथे तो दाबूनच पाठवला जातो. रेकॉर्डरमधली मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर ड्राइव्हवर. फाइलची नावंही आत्ताच ठरवा: रोमन लहान अक्षरं, मध्ये जागा नाही, विभागाचा आकडा दोन अंकी. नुसतं १, २ लिहिलंत तर १० क्रमांक २ च्या आधी येऊन बसतो.

कानसेन
तपासणी. वाचणाऱ्यानं स्वतःचा विभाग तपासू नये. जे पान डोळ्यासमोर आहे तेच त्याला ऐकू येतं. तपासणाऱ्यानं इअरफोन लावून, मजकूर समोर ठेवून, मूळ वेगानं ऐकावं. दीडपट वेगानं ऐकलं की गाळलेला शब्द निसटतो. एका बैठकीत ४० मिनिटांच्या वर नको.

चुकांची वर्गवारी आधीच सांगून ठेवा, नाहीतर तपासणारा प्रत्येक श्वासाला खूण करतो आणि वाचणारा वैतागतो. गाळलेलं किंवा दोनदा आलेलं वाक्य, अर्थ बदलणारा शब्द, ‘म्हणालो’सारखं लिंग, टाळी कापायची राहिली, शेजारचा हॉर्न: हे दुरुस्त करायचंच. ‘आणि’ऐवजी ‘व’ म्हटलं तर सोडून द्या. सर्वांत जास्त सुटते ती ओळ. एकाच शब्दानं सुरू होणाऱ्या दोन ओळी खाली-वर असल्या की नजर एक ओळ उडी मारते, आणि वाक्य कसंबसं जुळतंही. मजकूर समोर नसेल तर हे कळणारच नाही.

नोंद अशी हवी: ‘विभाग ०४, १२:४० – “सासूबाईंनीं”ऐवजी “आईनं”, पूर्ण वाक्य’. नुसतं ‘बाराव्या मिनिटाला चूक’ लिहिलं तर वाचणाऱ्याला पुन्हा सगळं ऐकावं लागतं.

दुरुस्ती करताना एकटा शब्द वाचून चिकटवू नका, सूर जुळत नाही. आधीच्या वाक्यापासून वाचायला लागा, नंतर हवं तेवढंच कापून घ्या. दिवसाची तीच वेळ, माइक तितक्याच अंतरावर. सकाळचा आवाज जड असतो. संध्याकाळच्या प्रकरणात सकाळचं वाक्य बसवलं तर मध्येच दुसरा कुणी बोलून गेल्यासारखं वाटतं.

आणि विभाग घेऊन गप्प राहणारे निघतातच. दोन महिन्यांची मुदत, सहाव्या आठवड्यात विचारणा, मुदत संपली की विभाग पुन्हा खुला, हे पहिल्याच दिवशी तक्त्याच्या माथ्यावर लिहून ठेवा. पहिला आणि शेवटचा विभाग मात्र कुणाला आत्ताच देऊ नका. नमुने ऐकून झाल्यावर ज्याचा आवाज सर्वांत स्थिर, त्याच्याकडेच ते दोन्ही जावेत.