वॉर्डातल्या बीपीच्या औषधांचे एकपानी सूचनापत्रक: काय घालावे, काय गाळावे?

खलबत्ता
नव्याने रुजू होणाऱ्या ड्यूटी डॉक्टरांसाठी बीपीच्या औषधांवर एक पान तयार करायचे आहे. रात्री दोनला सिस्टरांचा फोन येतो, "बेड 12, बीपी 184/96". तेव्हा पेन उचलण्याआधी काय बघायचे आणि मग ड्रग चार्टवर नेमके काय लिहायचे, एवढेच त्यात हवे. सध्याचा मसुदा औषधांच्या गटांप्रमाणे आहे: एसीई इन्हिबिटर (रामिप्रिल, एनालाप्रिल), एआरबी (टेल्मिसार्टन), कॅल्शियम चॅनेल ब्लॉकर (अॅम्लोडिपिन, निफेडिपिन), थायाझाइड (क्लोरथॅलिडोनसारखी लघवी वाढवणारी औषधे), बीटा ब्लॉकर (मेटोप्रोलॉल). पण वाचताना मांडणीच चुकल्यासारखी वाटते. डोस, मर्यादा, नेहमी होणाऱ्या चुका असे सगळे सुचवा.

रातपाळी
मांडणी चुकली आहेच. पानाची सुरुवात गोळीने करू नका, दोन प्रश्नांनी करा. आकडा खरा आहे का? आणि खरा असेल तर एखाद्या अवयवाला आत्ता इजा होते आहे का?

पहिल्या प्रश्नासाठी आधी बीपी मोजायचा पट्टा बघायचा. आतल्या फुग्याची लांबी दंडाच्या घेराच्या साधारण 80 टक्के हवी. जाड दंडाला लहान पट्टा बांधला की आकडा खोटाच वर जातो. हात खाली लोंबत असेल, रुग्ण बोलत असेल, तरी तेच होते. पाच मिनिटे शांत पडू द्या, हात हृदयाच्या पातळीला टेकवा, पुन्हा मोजा.

तरीही जास्त असेल तर कारण शोधा: दुखणे, तुंबलेली लघवी, धास्ती, झोपमोड, जोरात चाललेले सलाइन, स्टेरॉइड, डायक्लोफेनॅक, अचानक सुटलेली दारू. आणि सर्वांत जास्त वेळा सापडणारे कारण म्हणजे भरती करताना लिहायची राहून गेलेली घरची गोळी. क्लोनिडिन किंवा बीटा ब्लॉकर एकदम तुटले तर बीपी उसळून वर येते, म्हणून ही दोन नावे जुन्या चिठ्ठीत मुद्दाम शोधायला सांगा. लघवी तुंबलेल्या माणसाला अॅम्लोडिपिन देऊन काही साधत नाही. नळी घातली की आकडा आपोआप उतरतो.

दुसरा प्रश्न: छातीत दुखणे, धाप, गोंधळलेपणा, झटके, अंधूक दिसणे, एका बाजूची कमजोरी, लघवी कमी होणे. यातले काहीच नसेल आणि तपासूनही काही सापडत नसेल, तर 184/96 साठी रात्री इंजेक्शन नको. राहिलेली गोळी द्या, वेदना कमी करा, विश्रांतीनंतर मोजा, सकाळच्या राउंडला कळवा.

निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली देणे ठळक अक्षरात मना करा. बीपी किती आणि किती वेगाने पडेल यावर ताबाच राहत नाही. वर्षानुवर्षे जास्त दाबाची सवय झालेल्या मेंदूला आणि हृदयाला तो धक्का पेलत नाही.

दगडीपाटी
रातपाळी यांच्याशी पूर्ण सहमत. खऱ्या इमर्जन्सीसाठी वेगळी चौकट करा: बीपी साधारण 180/120 च्या वर आणि सोबत अवयवाची ताजी इजा. अशा रुग्णाला आयसीयूत हलवायचे आणि शिरेतून औषध द्यायचे. सरासरी दाब पहिल्या तासात 25 टक्क्यांहून जास्त उतरवायचा नाही. हिशेब करूनच छापा, कारण रात्री कोणी गणित करत बसत नाही. 220/130 असेल तर सरासरी दाब म्हणजे 220 अधिक दोन वेळा 130, भागिले 3, म्हणजे 160. पहिल्या तासात तो 120 च्या खाली न्यायचा नाही. पुढच्या 2 ते 6 तासांत 160/100 च्या आसपास आणायचा, त्यानंतर एक-दोन दिवसांत हळूहळू.

लॅबेटॅलॉल 20 मि.ग्रॅ. दोन मिनिटांत सावकाश शिरेतून. गरज पडली तर दर 10 मिनिटांनी 40 ते 80 मि.ग्रॅ., एकूण 300 पर्यंत. दमा, हार्ट ब्लॉक, फुप्फुसात पाणी असेल तर ते टाळा. फुप्फुसात पाणी असल्यास नायट्रोग्लिसरीनची ड्रिप आणि फ्युरोसेमाइड (लघवीवाटे पाणी काढणारे औषध).

अपवादही तिथेच हवेत. महाधमनी फाटली असेल तर घाई करायचीच: वरचे बीपी 120 च्या खाली, नाडी 60 च्या खाली, आणि आधी बीटा ब्लॉकर. नुसते रक्तवाहिन्या रुंदावणारे औषध आधी दिले तर नाडी वाढते आणि फाटलेल्या भिंतीवरचा ताण वाढतो. रक्ताच्या गुठळीने झालेल्या स्ट्रोकमध्ये उलटे. गुठळी विरघळवायचे इंजेक्शन द्यायचे नसेल तर 220/120 पर्यंत सहसा हात लावत नाहीत. द्यायचे असेल तर आधी 185/110 च्या खाली आणि नंतर 24 तास 180/105 च्या खाली. गरोदरपणात 160/110 किंवा जास्त आकडा टिकून राहिला तर तासाभराच्या आत उपचार: लॅबेटॅलॉल, हायड्रॅलॅझिन किंवा निफेडिपिन. हे निफेडिपिन तोंडाने गिळायला द्यायचे आहे, वरची मनाई जिभेखालच्या कॅप्सूलला आहे. दोन्ही वाक्ये शेजारी छापलीत तर गोंधळ टळेल.

खलबत्ता
गणित छापायची सूचना लगेच घेतो. आता नेहमीच्या गोळ्यांचे सांगा. पहिली कोणती, वाढवायची कधी?

सांजवात
एक गोष्ट पानावर येऊ द्याच: अॅम्लोडिपिनचा अर्धायुकाल (रक्तातले औषध निम्मे व्हायला लागणारा वेळ) 30 ते 50 तासांचा आहे, पूर्ण परिणाम दिसायला आठवडा लागतो. आज 5 मि.ग्रॅ., उद्या 10, परवा आणखी एक गोळी असे केले की रुग्ण घरी पोचल्यावर सगळ्यांचा परिणाम एकत्र येतो आणि तो न्हाणीघरात चक्कर येऊन पडतो. वॉर्डात औषध रोज बदलण्याची घाई हीच माझ्या मते सर्वांत मोठी चूक आहे.

सुरुवात अॅम्लोडिपिन 5 मि.ग्रॅ., अशक्त वृद्धाला 2.5, टेल्मिसार्टन 40, रामिप्रिल 2.5, क्लोरथॅलिडोन 12.5. एकाच गोळीचा डोस दुप्पट करण्यापेक्षा वेगळ्या गटातली दुसरी गोळी कमी डोसात जोडली तर बीपी बरेच जास्त उतरते. घोट्यांवरची सूज अॅम्लोडिपिनमुळे असेल तर फ्युरोसेमाइड लिहू नका. ते शरीरात साठलेले पाणी नाही, केशवाहिन्यांतून झिरपलेले आहे. डोस कमी करा किंवा एआरबी जोडा, सूज उतरते. बीटा ब्लॉकर हृदयाचे कारण असेल तरच: अंजायना, हार्ट अटॅक, हार्ट फेल्युअर, काही अनियमित ठोके. त्यासोबत व्हेरापॅमिल किंवा डिल्टियाझेम नको, नाडी धोकादायक मंदावते.

एसीई इन्हिबिटर आणि एआरबी दोन्ही एकत्र कधीच नाही. गरोदरपणात दोन्ही बंद. सुरू केल्यावर 1 ते 2 आठवड्यांत क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि पोटॅशियम बघा. क्रिएटिनिन 30 टक्क्यांपर्यंत वाढले तर घाबरून औषध तोडू नका. पोटॅशियम 5.5 च्या वर गेले तर मात्र थांबून विचार करा. जुलाब-उलट्या असतील तर तात्पुरते बंद. या औषधांसोबत थायाझाइड आणि डायक्लोफेनॅकसारखे वेदनाशामक एकत्र आले की मूत्रपिंड बसते, भरती झालेल्या वृद्धांत हे तिन्ही एकाच चार्टवर सहज सापडते. थायाझाइडने पहिल्या दोन आठवड्यांत सोडियम घसरू शकते. आजोबा अचानक असंबद्ध बोलू लागले तर आधी सोडियम बघा.

गोळी सकाळी की रात्री, यावर वाद नको. 2022 मध्ये आलेल्या 'टाइम' नावाच्या संशोधन चाचणीत 21,000 हून जास्त रुग्ण होते, दोन्ही वेळांत फरक दिसला नाही. रुग्णाच्या लक्षात राहील ती वेळ.

मापट्टी
नर्सिंगच्या बाजूने तीन मागण्या. "बीपी वाढल्यास एसओएस गोळी" (म्हणजे गरज पडल्यास द्यायची गोळी) अशी ऑर्डर बंद करा. किती वाढल्यास, कोणती, दिवसातून किती वेळा, हे त्यात नसते, आणि तिन्ही पाळ्यांत तीन वेगवेगळे निर्णय होतात. त्याऐवजी असे लिहा: "टॅब. मेटोप्रोलॉल सक्सिनेट 25 मि.ग्रॅ., सकाळी 8 वाजता. वरचे बीपी 100 किंवा नाडी 55 च्या खाली असल्यास देऊ नये, डॉक्टरांना कळवावे."

दुसरे, 5 च्या पुढे दशांश चिन्ह आणि शून्य नको; घाईच्या अक्षरात 5.0 चे 50 होते. पण 0.5 मधला आधीचा शून्य हवाच. तिसरे, हायड्रॅलॅझिन आणि हायड्रॉक्सिझिन, अॅम्लोडिपिन आणि अमिलोराइड ही नावे पूर्ण आणि सुटी लिहा.

गोळी वाढवण्याआधी उभे करून बीपी घ्यायची ऑर्डरही द्या, 1 आणि 3 मिनिटांनी. वरचे 20 किंवा खालचे 10 ने पडले तर डोस वाढवायचा नाही.

रातपाळी
शेवटची चौकट डिस्चार्जची करा. वॉर्डातल्या वाढलेल्या आकड्यांवरून वृद्धांच्या गोळ्या वाढवून घरी पाठवले तर महिन्याभरात पुन्हा भरती व्हायचे प्रमाण वाढते आणि वर्षभरात हृदयाचा फायदा दिसत नाही, असे अमेरिकेतल्या मोठ्या नोंदींच्या अभ्यासात दिसले आहे. कार्डावर तीन रकाने ठेवा: चालू ठेवायच्या, बदललेल्या, बंद केलेल्या. बंद केलेल्या गोळीसमोर कारण आणि पुन्हा सुरू करायची का तेही लिहा. नाहीतर घरच्या डब्यातली एनालाप्रिल आणि कार्डावरची रामिप्रिल दोन्ही रोज पोटात जातात.

खलबत्ता
तिसऱ्या रकान्यात ब्रँडचे नावही टाकतो. डब्यातल्या पट्टीवर रुग्णाला तेच दिसते.