बोरीबंदरच्या घड्याळात नक्की कुठली वेळ असायची?

गिरगावची_नात
आजीच्या ट्रंकेत तिची लग्नपत्रिका सापडली. १९३४ सालची, हळदीचे डाग अजून आहेत. मुहूर्त ‘मुं. टा. सकाळी १० वा. ५ मि.’

आजी सांगायची, की नाशिकहून वऱ्हाड बोरीबंदरला उतरलं तेव्हा स्टेशनातल्या घड्याळात दहा वीस झाले होते. सासऱ्यांनी तिथेच कपाळाला हात लावला, मुहूर्त गेला! टांगे दामटत सगळे गिरगावात पोचले, तर मांडवात मंडळी निवांत चहा पीत बसलेली. आम्ही हसायचो, आजी गोष्ट रंगवते म्हणून. खरंच असं होऊ शकतं का?

तारवाला
ताई, आजी रंगवत नव्हत्या. मुं. टा. म्हणजे मुंबई टाइम, स्टँडर्ड टाइमच्या (आज देशभर चालते त्या वेळेच्या) ३९ मिनिटं मागे. स्टेशनातलं घड्याळ स्टँडर्ड टाइमचं, तिथे १०.२० म्हणजे गिरगावात ९.४१. चहाला भरपूर वेळ.

सूर्य एक रेखांश ओलांडायला चार मिनिटं घेतो. स्टँडर्ड टाइम साडेब्याऐंशी रेखांशाचा, मुंबई त्र्याहत्तरच्याही अलीकडे. करा गुणाकार. १९०६ ला स्टँडर्ड टाइम आला, पण शहराने तो लगेच मानला नाही, मुंबई टाइम १९५५ पर्यंत टिकला. रेल्वेला असले लाड परवडत नाहीत. प्रत्येक गावाची वेळ वेगळी धरली तर वेळापत्रक छापायचं कसं? त्यामुळे १९०६ च्या आधीही गाड्या मद्रासच्या वेळेवर धावत, आणि तीसुद्धा मुंबईच्या अर्धा तास पुढे. म्हणजे व्हीटीची, आपल्या बोरीबंदरची, इमारत १८८८ ला पुरी झाली तेव्हापासूनच आतलं घड्याळ आणि बाहेरचा गाव यांचं जमत नव्हतं.

मी सिग्नल-टेलिकॉममध्ये नोकरी केली. आमच्या जंक्शनवर एक मास्टर क्लॉक असे, बाकीची फलाटावरची घड्याळं त्याची चाकरी करत. त्यांच्या पोटात स्प्रिंग नाही, लंबक नाही. मास्टरकडून तारेतून विजेचा ठोका आला, की मिनिटकाटा ‘खट्’ करून अर्धं मिनिट पुढे उडी मारणार. मधल्या तीस सेकंदांत काटा मेल्यासारखा स्थिर. नवे प्रवासी हमखास विचारायचे, “मास्तर, घड्याळ बंद पडलंय का?” तार तुटली तर पुढची सगळी घड्याळं एकाच वेळेवर अडकायची. मग शिडी घेऊन फिरा.

हावडाकर
आमच्या हावड्याला ‘बडो घोडी’ आहे, लेस्टरच्या जेंट्स कंपनीचं दोन तोंडांचं घड्याळ, १९२६ चं. अजूनही लोक त्याखालीच भेटायचं ठरवतात. कलकत्त्याचं मात्र उलटं होतं. तिथली वेळ स्टँडर्डच्या २४ मिनिटं पुढे, १९४८ पर्यंत. घरचं घड्याळ बघून निघालेला बंगाली स्टेशनात लवकर येऊन बसायचा, मुंबईकराची गाडी चुकायची.

पेठेतली_काकू
हावडाकर, मुंबईकराची गाडी आजही चुकते, त्याला ३९ मिनिटांचं कारण लागत नाही.

गिरगावची_नात
तारवाले काका, खूप आभार. पत्रिका भिंगाखाली धरून परत पाहिली. अगदी तळाशी, वेलबुट्टीच्या आत, मुंगीएवढ्या अक्षरांत छापलंय: ‘बाहेरगावच्या मंडळींनी स्टँ. टा. मधून ३९ मिनिटे वजा करावी.’

पणजोबा चष्मा नाशिकला विसरले असणार.