मुलग्याचं नाव 'लता'? जरा दमानं!

रापणकार
काल एकाने इथे फर्मान काढलं: 'नावाला लिंग नसतं, मुलग्याला खुशाल लता म्हणा.' वाचून डोकं फिरलं. लिंग असतं, आणि ते कुठे असतं हे बघायची तसदी घ्या. 'लता' शब्दच स्त्रीलिंगी. पण 'किरण' संस्कृतात पुल्लिंगी, 'शशी' (मूळ शशिन्) पुल्लिंगी, 'ज्योती'चं मूळ ज्योतिस् नपुंसकलिंगी. ही 'मुलींची नावं' झाली ती निव्वळ वहिवाटीने. ज्योती बसू १९७७ ते २००० बंगालचे मुख्यमंत्री होते, नावावरून त्यांचं काही अडलं नाही. ठेवायचंच तर यातलं ठेवा.

कुळागर
शब्द स्त्रीलिंगी म्हणून बाद? मग गोव्यातल्या कवळे मठाच्या स्वामींच्या नावात 'सरस्वती' कशी चालते हो?

रापणकार
ते संप्रदायाचं नाव. दशनामी म्हणजे संन्याशांचे दहा पंथ, त्यांतले गिरी, पुरी, भारती, सरस्वती. दीक्षेबरोबर मिळतं, पाळण्यात कुणी ठेवत नाही. पर्तगाळीच्या मठात त्याच जागी 'तीर्थ' येतं.

कुळागर
बरं, पाळण्यातलंच घ्या. मुलगे जगत नसले की पुढच्याचं नाक टोचून नथ घालायचे. नथू, नथुराम त्यातूनच आले. मुलीचा अलंकार मुलग्याच्या नावात चालला की नाही?

रापणकार
चालला, पण का? मुलगी समजून काळ पाठ फिरवेल म्हणून! केरू, धोंडू, दगडूच्या रांगेतली युक्ती ती. आणि तुम्ही ती समतेचा दाखला म्हणून देताय. धन्य!

सांजांव
सगळे हिंदू नावांतच अडकलेत. 'जुझे मारिया' हा पुरुष, 'मारिया जुझे' ही बाई. पोर्तुगीज रिवाजात पहिलं नाव ठरवतं, दुसरं कुणाचं का असेना. पणजीच्या चर्चचं फेस्त ८ डिसेंबरला, सायबिणीचं, म्हणजे मारिया मातेच्या निष्कलंक गर्भसंभवाचं ('कॉन्सेसांव'). त्या सणावरून आलेलं हे नाव गोव्यात पुरुषांनाही असतं. अर्थात नुसतं 'मारिया' मुलग्याला कुणी ठेवत नाही, एवढं रापणकारबाबांना देऊन टाकतो.

शुद्धलेखन
नावाशी कशाला झटापट? क्रियापद बघा. 'किरण आला', 'किरण आली', विषय संपला. कोकणी तर याच्याही पुढे: मुलगा 'आयलो', मुलगी 'आयलें', वडीलधारी बाई 'आयली'.

कुळागर
म्हणजे मुलगी नपुंसकलिंगी! वा, काय थोर भाषा.

सांजांव
आणि तुमच्या मराठीतलं 'पोरगं आलं' ते काय? कोकणीला गोव्याची राजभाषा करणारा १९८७ चा कायदा होऊन जमाना लोटला, तरी टोमणे संपत नाहीत.

कुळागर
'पोरगं' मुलग्यालाही लागतं. कोकणीतलं 'चेडूं' फक्त मुलीला. फरक कळतोय का?

शुद्धलेखन
त्यात हेटाळणी कुठे दिसली? माया आहे ती. लग्न होऊन गेलेल्या धाकट्या बहिणीलाही घरचे 'आयलें'च म्हणतात. 'आयली' म्हटलं तर तिलाच परकं वाटेल.

कुळागर
माया असती तर धाकट्या भावालाही 'आयलें' म्हटलं असतं.

शुद्धलेखन
हं. याला उत्तर नाही माझ्याकडे, मान्य.

तळपण
भांडण झालं असेल तर कामाचं सांगतो. क्रियापद बोलण्यात निभावून नेतं, कागदावर नाही. यादीत 'कु. किरण' छापलं की कुमार की कुमारी हे कळायला मार्ग नाही. 'कुमार' असं पूर्ण लिहून घ्या. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी, पण नाव मागाहून घालता येतं, १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क. तेव्हा बारशाच्या घाईत नोंदवू नका. दाखल्यात नाव आणि लिंग हे वेगळे रकाने. नाव वाचून अंदाजाने लिंग भरलं गेलं की घोळ होतो, म्हणून दाखला हातात पडताच तो रकाना बघा. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळा, आधार, पासपोर्ट सगळीकडे हाच दाखला. एक चूक सगळीकडे उतरते. नाव पुढे बदलायचं झालंच तर गोव्याचा १९९० चा नाव-आडनाव बदलाचा कायदा आहे, पण त्या वाटेला कशाला जायचं?

कुळागर
ठीक आहे, 'लता' मागे घेतली. 'शशी' मंजूर, तुमच्या शशिन्सकट. आता मुलीचं नाव 'शशी' ठेवायचं झालं तर व्याकरणाचा परवाना कुणाकडून काढू, रापणकारबाब?