डर्बीनंतर कुठे: २४०० मीटर, १६०० मीटर की थेट पुण्याचा हंगाम?

हिस्सेदार:
नमस्कार. आम्हा सहा जणांच्या मालकीचा चार वर्षांचा शर्यतीचा एक घोडा मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर एका अनुभवी ट्रेनरच्या तबेल्यात आहे आणि त्यात माझा १० टक्के हिस्सा आहे. पुण्याचा पावसाळी हंगाम आणि त्यानंतरचा मुंबईचा हंगाम मिळून तो आठ शर्यती धावला. त्यांपैकी सहा त्याने जिंकल्या, आणि त्या सगळ्या १४०० ते २००० मीटरच्या होत्या. फेब्रुवारीत आम्ही त्याला २४०० मीटरच्या इंडियन डर्बीत उतरवले. सरळ मार्गाला लागताना तो पहिला होता आणि शेवटचे २०० मीटर उरले तेव्हाही विजेत्याच्या एक लांबी (घोड्याच्या अंगाएवढे अंतर) पुढे होता, पण तिथून त्याची ढांग आखूड होत गेली आणि तो चार लांबींनी हरून चौथा आला.

आता चार आठवड्यांनी देशभरातील निवडक घोड्यांना बोलावून होणाऱ्या निमंत्रण शर्यती आहेत आणि त्या यंदा हैदराबादला, मलकपेटच्या मैदानावर होणार आहेत. आमच्यापैकी ज्यांचा हिस्सा सर्वांत मोठा आहे, त्यांना २४०० मीटरचा इंडियन टर्फ इन्व्हिटेशन कपच हवा आहे. माझे मन १६०० मीटरच्या सुपर माईल कपकडे ओढते. तिसरा विचार असा की त्याला आता कुठेच धावू न देता विश्रांती द्यावी आणि जुलैत पुण्याला न्यावे. ट्रेनर म्हणतात की घोडा बरा आहे, निर्णय मालकांनी घ्यावा. हा घोडा दीड वर्षाचा असल्यापासून मी त्याला पाहत आलो आहे आणि माझ्या एका मताने त्याचे नुकसान होऊ नये, एवढीच तळमळ आहे. जाणकारांनी मोकळेपणाने लिहावे.

गिरगावकर:
आपण फार जबाबदारीने प्रश्न मांडला आहे, म्हणून मीही सविस्तर लिहितो. चौथा क्रमांक आला म्हणून घोडा २४०० मीटरचा नाही, असा निष्कर्ष लगेच काढता येत नाही, कारण शर्यतीचा पहिला अर्धा भाग फार वेगात गेला असेल तर पुढे राहणारा कोणताही घोडा शेवटी थकतो आणि मागून येणारे त्याला गाठतात. उलट सुरुवात संथ झाली असेल, पुढचा घोडा आपल्या मनाने चालला असेल आणि तरीही शेवटच्या २०० मीटरांत त्याचा दम सरला असेल, तर अंतर त्याच्या कुवतीबाहेरचे आहे असे समजावे. तेव्हा पहिले १२०० मीटर किती वेळात गेले आणि शेवटच्या २०० मीटरांना आपल्या घोड्याला विजेत्यापेक्षा किती अधिक वेळ लागला, एवढे दोन आकडे ट्रेनरकडून मिळवावेत.

एक उदाहरण मला नेहमी आठवते. इंग्लंडच्या फ्रँकेल या घोड्याने २०११ मध्ये न्यूमार्केटला ‘२००० गिनीज’ ही १६०० मीटरची शर्यत जिंकली, तरी त्याचे ट्रेनर हेन्री सेसिल आणि मालक खालिद अब्दुल्ला यांनी त्याला सुमारे २४०० मीटरच्या एप्सम डर्बीत उतरवलेच नाही. पुढचे सव्वा वर्ष तो मैलाच्या, म्हणजे सुमारे १६०० मीटरच्या, शर्यतीच धावला, आणि तो शांतपणे धावायला शिकला आहे अशी खात्री पटल्यावरच, ऑगस्ट २०१२ मध्ये, त्याला यॉर्कला सुमारे २१०० मीटरवर नेले. तिथेही तो सहज जिंकला आणि १४ पैकी १४ शर्यती जिंकून निवृत्त झाला. डर्बी न धावल्याने त्याची थोरवी तसूभरही कमी झाली नाही. आपल्याकडे मात्र २४०० मीटर जिंकला तोच खरा घोडा, ही समजूत मालकांच्या मनात इतकी पक्की बसलेली आहे की मैलाच्या उत्तम घोड्यांना तिची किंमत मोजावी लागते, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते.

पशुवैद्यक:
अंतराविषयी मी बोलत नाही, प्रवासाविषयी बोलतो. मुंबई ते हैदराबाद हा रस्ता सुमारे ७०० किलोमीटरचा आहे. फ्लोटमध्ये, म्हणजे घोडे नेण्याच्या गाडीत, घोड्याचे डोके तासन्‌तास वर बांधलेले राहते, त्याला मान खाली घालता येत नाही, आणि त्यामुळे श्वासमार्गातील धूळ व स्राव बाहेर पडण्याऐवजी फुप्फुसांकडे उतरतो. प्रवासानंतरचा ताप बहुतेक वेळा यातूनच येतो, आणि घोडा गाडीतून उतरल्याबरोबर तो न दिसता एकदोन दिवसांनी दिसतो. म्हणून वाटेत दर चार-पाच तासांनी थांबून त्याला मान खाली सोडू द्यावी, पाणी पाजावे आणि पोहोचल्यावर निदान तीन दिवस सकाळ-संध्याकाळ ताप मोजावा. निरोगी घोड्याचे तापमान साधारण ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस असते.

जाण्याआधी दोन तपासण्या कराव्यात. एका जोरदार गॅलपनंतर (भरधाव धावण्याच्या सरावानंतर) अर्धा ते दीड तासाच्या आत एंडोस्कोपी करून फुप्फुसांत रक्तस्राव होतो का, ते पाहावे. शेवटच्या २०० मीटरांत अचानक थकणाऱ्या घोड्याच्या बाबतीत हे कारण अनेकदा नजरेतून सुटते. दुसरे, पुढच्या पायांच्या मागील कंडरांवर हात ठेवून ऊब किंवा सूज जाणवते का, ते रोज पाहावे, आणि शंका आली तर सोनोग्राफी करावी.

हाँगकाँगच्या रोमँटिक वॉरियरचे उदाहरण ताजे आहे. २०२५ मध्ये तो जानेवारीत दुबईला जिंकला, फेब्रुवारीत रियाधला मातीच्या मैदानावर फॉरएव्हर यंग या घोड्याकडून मानेच्या अंतराने हरला आणि एप्रिलमध्ये पुन्हा दुबईला नाकाच्या अंतराने हरला. त्यानंतर त्याच्या पायाच्या हाडाला इजा झाल्याचे आढळले आणि शस्त्रक्रिया करावी लागली. त्याच्या माणसांना मी दोष देत नाही, पण इतका गुणी घोडा आपली वेदना किती वेळ लपवू शकतो, हे मालकांनी लक्षात ठेवावे.

दादरकर:
वरील दोन्ही उत्तरांबद्दल आदर ठेवून मी वेगळे मत मांडतो. चार वर्षांचे वय घोड्याला एकदाच येते. पुढच्या वर्षी हा घोडा पाच वर्षांचा असेल आणि नवे, ताजे चार वर्षांचे घोडे समोर उभे राहतील. पुढे पैदाशीसाठी स्टड फार्मवर त्याचे मोल ठरेल तेव्हा २४०० मीटरच्या कपाला जे वजन आहे, ते मैलाच्या शर्यतीला आज तरी नाही, आणि मोठ्या हिस्सेदारांनी तो विचार केला तर त्याला केवळ हौस म्हणू नये. डर्बीत त्याला पुढे ठेवले होते. जॉकीने मधल्या फळीत दडवून आणला असता, तर चित्र वेगळे दिसले असते.

शिवाय चॅम्पियन घोड्याने घराबाहेर पडून स्वतःला सिद्ध करावे, असे मला प्रामाणिकपणे वाटते. ऑस्ट्रेलियाची ब्लॅक कॅव्हियार २०१२ मध्ये रॉयल ॲस्कॉटला गेली, स्नायू दुखावलेले असतानाही जिंकली, आणि जगाने तिला पाहिले.

गिरगावकर:
ब्लॅक कॅव्हियारचा मान मोठाच आहे, पण ती तिथे आपल्या हक्काच्या १२०० मीटरवर धावली, हे विसरता येणार नाही. प्रवास नवा होता, अंतर नवे नव्हते. त्याच देशातील विंक्स तर सलग ३३ शर्यती जिंकूनही देशाबाहेर गेली नाही आणि तिला कोणी उणे मानले नाही. आपल्यासमोर मात्र प्रवास आणि न पेलणारे अंतर, ही दोन्ही ओझी एकाच वेळी आहेत. स्टडचा मुद्दा मी नाकारत नाही, तरी २४०० मीटरला पाचवा आलेल्या घोड्यापेक्षा सुपर माईल जिंकलेल्या घोड्याची मागणी अधिक असेल, असे मला वाटते.

तबेल्याशेजारी:
माझे वडील महालक्ष्मीला मोतद्दार, म्हणजे घोड्याची देखभाल करणारे, होते, म्हणून फक्त त्यांच्याकडून शिकलेले लिहितो. मोठ्या शर्यतीनंतर घोडा सावरला की नाही, हे ते सकाळच्या गॅलपपेक्षा गव्हाणीवरून ओळखत. रात्रीचे ओट्स पहाटेपर्यंत संपवणारा घोडा डर्बीनंतर चौथ्या-पाचव्या दिवशीही थोडे उरवत असेल, कोपऱ्याकडे तोंड करून उभा राहत असेल, तर तो थकलेला आहे, मग घड्याळ काहीही सांगो. आपल्या घोड्याच्या मोतद्दाराला हे आवर्जून विचारा. तो रात्रंदिवस त्याच्याजवळ असतो आणि बहुधा त्याला कोणी विचारत नाही.

हिस्सेदार:
सर्वांचा अत्यंत आभारी आहे. या चार दिवसांत सगळी माहिती गोळा केली. डर्बीचा पहिला अर्धा भाग संथच गेला होता आणि आघाडी आमच्या घोड्याला आयतीच मिळाली होती. तरीही शेवटच्या २०० मीटरांना त्याला विजेत्यापेक्षा सुमारे पाऊण सेकंद अधिक लागला. दादरकर, आपला मुद्दा मी बैठकीत तसाच मांडला, परंतु संथ शर्यतीत पुढे असणे हा फायदा असतो, तोटा नव्हे, हे ट्रेनरनी समजावून सांगितल्यावर मोठ्या हिस्सेदारांनीही ते मान्य केले. एंडोस्कोपीत रक्तस्राव आढळला नाही, पाय थंड आहेत, आणि मोतद्दाराने सांगितले की पहिले तीन दिवस तो थोडे उरवत होता, आता गव्हाण चाटून पुसून ठेवतो. डर्बीनंतर त्याचे वजन ११ किलोने उतरले होते, त्यांपैकी ८ किलो भरून आले आहे.

म्हणून सुपर माईलसाठी नाव द्यायचे ठरले आहे. निघण्यापूर्वीच्या वजनात उरलेले ३ किलो भरून आले नाहीत, तर फ्लोट निघणार नाही आणि घोडा पुण्याच्या हंगामापर्यंत विश्रांती घेईल, हेही लिहून ठेवले आहे. सप्टेंबरच्या २८०० मीटरच्या सेंट लेजरचा विषय मात्र आम्ही कायमचा बंद केला.

दादरकर:
संथ शर्यतीचा तपशील मला ठाऊक नव्हता. तो पाहता निर्णय योग्य आहे, आणि शर्यतीच्या दिवशी मी हैदराबादला येईन.

तबेल्याशेजारी:
मोतद्दारालाही सोबत पाठवा, आणि तिथला चारा बदलून देऊ नका. निदान पहिल्या चार दिवसांचा लसूणघास आणि ओट्स इथूनच भरून न्या. पाण्याची चव बदलली की काही घोडे दोन दिवस पाण्याला तोंड लावत नाहीत, तेव्हा तबेल्यातले दोन-तीन पिंप पाणीही फ्लोटमध्ये असू द्या.