गणित कच्चं आहे, मग पुढे काय निवडू?

निळी_शाई:
नववीत आहे. भाषा, जीवशास्त्र, चित्रकला छान जमतं, गणितात मात्र जेमतेम पास होते. सोडवलेलं उदाहरण वाचलं की कळतं, पण परीक्षेत आकडे बदलले की अडते. नर्सिंग, मानसशास्त्र की डिझाइन, असा विचार चालू आहे. यांपैकी गणित अजिबात न लागणारं कोणतं?

मोजपट्टी:
‘गणित न लागणारं’ शोधू नकोस, नाहीतर आवडत नसलेल्या कामाला जाऊन बसशील. कोणतं गणित लागतं ते बघ.

नर्सिंगमध्ये रोजचं काम गुणोत्तराचं आणि एककं बदलण्याचं, पण ते बिनचूक हवं. समज, ५ मिली औषधात २५० मिलिग्रॅम आहे आणि द्यायचे आहेत ४००. ४०० ÷ २५० × ५ = ८ मिली. किंवा १००० मिली सलाइन ८ तासांत, आणि सेट (सलाइनची नळी) २० थेंबांना १ मिली देणारा: १००० × २० ÷ ४८० = ४१.६७, म्हणजे मिनिटाला साधारण ४२ थेंब. इथे घोळ होतो तो तासांची मिनिटं करायची राहिल्यामुळे. मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅममध्ये गफलत झाली तर चूक थेट हजारपट! म्हणून आधी अंदाज बांधायचा: ४०० हे २५० च्या दुपटीहून कमी, तेव्हा उत्तर ५ ते १० मिलीच्या मध्येच हवं.

मानसशास्त्रात मुलं फसतात, कारण पदवीला सांख्यिकी असते: सरासरी, प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती पसरलेत), सहसंबंध (दोन गोष्टी किती बरोबरीने बदलतात, −१ ते १ मध्ये). आकडेमोड संगणक करतो, अर्थ आपण लावायचा. दोन गोष्टींचा सहसंबंध ०.८ आला म्हणून एकीमुळे दुसरी घडते असं होत नाही. भाषा चांगली असणाऱ्यांना हे बऱ्यापैकी जमतं.

डिझाइनला प्रमाण आणि मापं पुरतात. इंचाला ३०० पिक्सेलने १० इंच रुंद छापायचं तर चित्र ३००० पिक्सेल हवं.

कोरा_कागद:
‘आकडे बदलले की अडते’ हे तू नेमकं हेरलंस. वाचून कळणं आणि स्वतः करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उदाहरण वाच, पुस्तक मिट, कोऱ्या कागदावर सोडव. अडलीस तर तेवढी एकच ओळ बघ आणि पुन्हा पहिल्यापासून लिही. मग आकडे बदलून कर. दुसऱ्या दिवशी एकदा, आठवड्याने पुन्हा एकदा.

त्याआधी ही पाच कर, घड्याळ लावू नकोस:
३/४ + १/६
−७ − (−४)
(−३)² आणि −३²
२(क्ष − ५) = ६
८० चे १५ टक्के

उत्तरं ११/१२, −३, ९ आणि −९, ८, १२. पहिल्याचं ४/१० आलं तर अपूर्णांक कच्चे आहेत. नववीचं बीजगणित अडतं ते बहुतेक वेळा मागच्या इयत्तांतल्या अशा एखाद्या जागी. पाचवी-सहावीचं पुस्तक उघडायला मुळीच लाजू नकोस.

तिसरा_बाक:
प्रवेशाची अट आणि कामातलं गणित यांत गल्लत नको. कामात लागत नसलं तरी अटीत असू शकतं. तिन्ही अभ्यासक्रमांची पात्रता आणि पहिल्या वर्षाचे विषय शेजारी-शेजारी लिहून काढ. तोवर गणित सोडू नकोस.

आणखी एक. काट्यांचं घड्याळ वाचताना किंवा सुटे पैसे मोजताना अडणं, ८ + ५ साठीही बोटं लागणं, हे लहानपणापासून चालू असेल तर डिसकॅल्क्युलियाची (आकडे समजण्यातल्या अडचणीची) तपासणी तज्ज्ञांकडून करून घे. त्याचा हुशारीशी संबंध नाही, आणि निदान झालं तर अनेक ठिकाणी परीक्षेत जादा वेळ मिळतो.

निळी_शाई:
धन्यवाद. तसला त्रास नाही. पाचही केली. −३² चं ९ आलं, आणि चौथ्याचं ५.५.

कोरा_कागद:
म्हणजे दोन्हीकडे चूक एकाच जातीची: क्रिया कुठपर्यंत लागू होते ते चुकतं. चौथ्यात तू २क्ष − ५ = ६ लिहिलं असणार. २ फक्त क्षपर्यंत गेला, ५ पर्यंत पोचलाच नाही. उलट −३² मध्ये वर्ग फक्त ३ चा, तो तू उणे चिन्हापर्यंत ओढलास. आठवडाभर कंसाची रोज दहा गणितं कर. प्रत्येकात बाहेरच्या आकड्यापासून आतल्या प्रत्येक पदाकडे पेन्सिलीने बाण काढ आणि मगच पुढची ओळ लिही. आठव्या दिवशी बाण न काढता दहा कर, आणि किती चुकली ते इथे सांग.