मदत हेक्टरवर मोजायची की चुलीवर?

सीनाकाठ
सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीचं पाणी आमच्या शिवारात दोनदा शिरलं. ऑक्टोबरात राज्य सरकारनं ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५००, रब्बीच्या बियाण्यासाठी वर १०,०००, मर्यादा ३ हेक्टर. आता एकरवाल्याचा हिशेब करा: ३,४०० आणि ४,०००, झाले ७,४००. तीन हेक्टरवाल्याला ५५,५००. पीक क्षेत्राप्रमाणे जातं, कबूल. पण खाणारी तोंडं क्षेत्राप्रमाणे नसतात. एकरवाल्याच्या घरातही पाच माणसं जेवतात. बाधित खातेदाराला आधी ठरावीक किमान रक्कम द्या, मग हेक्टरचा हिशेब करा.

आठ एकर
तुमचा तो तीन हेक्टरवाला म्हणजे मीच. आठही एकर सोयाबीन कुजलं. पीककर्ज आठ एकराचं, कृषी सेवा केंद्राची उधारीही आठ एकराची. जास्त पेरलं त्याचं जास्त गेलं, एवढं साधं आहे. केंद्र सरकारच्या निकषात मर्यादा २ हेक्टरचीच, राज्यानं ती ३ केली म्हणून थोडं सावरलो. त्यातही तुम्ही वाटणी मागताय. एकरवाला निदान मजुरीला तरी जाऊ शकतो.

सीनाकाठ
मजुरीला कुणाच्या रानात जायचं दादा? तुमच्याच ना? ते तर पाण्याखाली होतं. सोयाबीनची काढणी बुडाली तेव्हा एकरवाल्याचं पीकही गेलं आणि रोजही गेला. पंचनाम्यात त्या रोजाला रकाना नाही. तुमच्यातलं काढून द्या असं मी म्हटलेलं नाही.

जुना तलाठी
सज्जावर उभी हयात गेली, म्हणून लिहितो. हेतू चांगला आहे, पण खातेदाराला किमान रक्कम ठेवलीत की पुढच्या पावसाळ्याआधी घराघरात खातेफोडीचे, म्हणजे एका खात्याची वेगवेगळ्या नावांनी खाती करण्याचे अर्ज येतील. रेशनकार्डावर द्यायची म्हटली तर विभक्त कार्डांची रांग लागेल. हेक्टर निदान मोजता येतो. खरी अडचण सामाईक सातबाऱ्यात आहे. चार भावांचं एक खातं, दोघं पुण्यात, त्यांचं संमतीपत्र येईपर्यंत रक्कम अडकते. शिवाय मदतीसाठी नुकसान ३३ टक्के किंवा जास्त पाहिजे. नजरेनं ३० आणि ३५ मधला फरक ठरवताना हात कापायचा. बांधावर समोर माणूस उभा असतो.

बटाईचं रान
तुमचं सगळ्यांचं भांडण सातबाऱ्यावर नाव असलेल्यांचं आहे. आम्ही दुसऱ्याचं पाच एकर रान बटाईनं, म्हणजे वाट्यानं करतो. बियाण्यात निम्मा खर्च आमचा, खुरपणी-फवारणी सगळी आमची. पैसे मालकाच्या खात्यावर आले. मालक भला, त्यानं अर्धे दिले. नसते दिले तर कुठं दाद मागणार होतो? तोंडी व्यवहाराला पंचनाम्यात जागा नाही. माझ्या नवऱ्यानं त्या पाण्यात म्हैस सोडवली, त्याचं नाव एकाही यादीत नाही.

आठ एकर
ताई, हे खरं आहे. पण लेखी करार द्यायला मालक घाबरतो, उद्या कूळ लागेल, म्हणजे कसणारा जमिनीवर हक्क सांगेल म्हणून. मीही दिला नसता, खोटं कशाला बोलू. किमान रकमेला मात्र माझा विरोध कायम आहे. त्यापेक्षा पीकविमा नीट करा. खरीप २०२५ पासून भरपाई फक्त पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे निवडक शेतांतलं पीक कापून काढलेल्या मंडळाच्या (काही गावांच्या गटाच्या) सरासरीवर आली. स्थानिक आपत्तीचा, म्हणजे एकट्याच्या रानातल्या नुकसानीचा दावा गेला. माझ्या रानातून ओढा गेला आणि मंडळाची सरासरी बरी निघाली, तर मी काय करायचं?

सीनाकाठ
विम्याबद्दल तुमचं बरोबर आहे. तलाठी भाऊसाहेबांचा मुद्दाही पटला. म्हणून एवढंच बदलतो: नुकसानीच्या तारखेआधीची खातीच धरा, नंतरची फोड नको. पूर येण्याआधी कुणी पुरासाठी खातं फोडत नाही.

जुना तलाठी
पहिल्या वर्षी नाही फोडणार. रक्कम मिळते हे कळलं की दुसऱ्या वर्षी फोडतील. आणि ताईंच्या घराला तुमच्या या दुरुस्तीतही काही मिळत नाही.

सीनाकाठ
नाही मिळत. ग्रामसभेत बटाईदारांची यादी पेरणीच्या वेळीच वाचून घेतली, फक्त मदतीपुरती, कुळाचा हक्क न लागता, तर मालक तयार होतील का? आठ एकरवाले, तुम्हीच सांगा.

आठ एकर
कुळाचा हक्क लागणार नाही असं शासन निर्णयात स्पष्ट छापलं, तर मी सही करीन.